मुंढ्यावरून चालणाऱ्या पोरी

बाई, माझ्या वर्गात आता कुणी बसून राहत नाही. तुमच्या कपाळावर आठी पडलेली मला इथून दिसते आहे. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. मी आता साठी ओलांडलेली बाई आहे. चिकलठाण्याच्या बाजूला एका प्रशिक्षण केंद्रात माझ्या हाताखाली पंचवीस पोरी शिवणकाम शिकतात आणि मलाही 'बाई' म्हणतात. पहिल्या दिवशी एकीनं तशी हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं. म्हटलं, तुम्हीच आलात की काय.

तुमची हर्सूलची ती पत्र्याची खोली मला अजून पाठ आहे. भिंतीकडं तोंड करून आठ मशिनी, मधोमध खुर्चीत तुम्ही, आणि दाराला आतून कडी. कडी लागली की दोन तास कुणी उठायचं नाही. धागा संपला तर रीळ हातोहात पुढं येणार, कैची हातोहात मागं जाणार, पण बूड उचलायचं नाही. एकदा कुणाची तरी सासू बाहेरून कडी वाजवते आहे, "पाव्हणे आलेत, चहा टाकायचाय, पाठवा तिला." तुम्ही जागेवरूनच म्हणता, "पाव्हण्यांना म्हणावं, दोन तासांनी तहान लागू द्या." आम्ही तोंडात पदर कोंबून हसतोय. ती सासू गेल्यावर तुम्ही आमच्याकडं वळून म्हणालात, "घरी तुम्हाला कुणी घडीभर बसू देतं का गं? पाणी आण, पोर घे, भाकरी टाक. इथं तरी बसा." तेव्हा माझं वय अठरा होतं. ते वाक्य मला तेव्हा नुसतं शिस्तीचं वाटलं. त्यात माया किती होती, ते माझ्या स्वतःच्या संसारात कळलं.

म्हणून सांगते, तुमचा नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण त्या नियमानं माझी एक फजिती केली होती आणि ती मी तुम्हाला कधी पुरती सांगितली नाही. आठवतं का, शेजारच्या मास्तरणीचं जांभळं ब्लाउज? मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. तुम्ही त्या दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवल्यात. "दोन्ही हात उजवेच असलेली बाई कुठं बघितलीस गं तू? तिला जेवायला बरं पडत असंल." वर्ग खिदळला आणि मी मशीनच्या चाकाकडं बघत राहिले. खरं कारण असं, की कापड दुहेरी घालून कापायला टेबलापाशी जावं लागलं असतं. उठायची तर मुभा नव्हती. मी मांडीवरच कापड ठेवलं आणि एक बाही कापून तिच्यावरून दुसरी कापली, तीही उलटी न ठेवता. तुम्ही विचारलंत, "डोकं कुठं ठेवलं होतंस?" डोकं जागेवरच होतं बाई. पायच जागेवरून हलले नव्हते. पण तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची छाती कुणाची होती?

शिकून निघाले त्या दिवशी तुम्ही प्रत्येकीला देत होता तशी कातरणं भरलेली गादी मलाही दिलीत, स्टुलावर ठेवायला. "बसायची सोय झाली की पोटाची होती," म्हणालात. त्या गादीवर मी पुढं बावीस वर्षं बसले. आधी घरी, मग चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, सकाळी बसायचं ते दिवस कलला की उठायचं. पोट भरलं, त्यात खोट नाही. पण एक दिवस खाली पडलेली बॉबिन उचलायला वाकले ती वर येईचना. दोघींनी धरून उभं केलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, पाठ वापरत जा." तेव्हा मी आजी नव्हते, आणि पाठ वापरायची म्हणजे काय तेही मला कळलं नव्हतं. ते मी आपलं आपणच शिकले. एक शिवण घातली की उठायचं, ती इस्त्रीनं बसवायची, मग दुसरी घालायची. महिन्याभरात पाठ तर सुटलीच, शिवणीलाही सफाई आली. एका दगडात दोन पक्षी.

पुढं केंद्रात शिकवायला लागले, आणि शहाणपण बघा माझं, तुमचाच नियम तसाच्या तसा लावला. उठायचं नाही. आमच्या मशिनी तर मोटारीवरच्या. तुमच्याकडं निदान पायडल मारताना पाय तरी हलायचे. इथं नुसता पायाचा अंगठा दाबायचा. त्यात एक पोरगी करमाडहून यायची. येताना बसमध्ये बसून, इथं नऊपासून चारपर्यंत बसून, जाताना पुन्हा बसमध्ये बसून. हात असा गोड, की तुम्ही तिला तुमच्या खुर्चीसमोरचं मानाचं मशीन दिलं असतं. एक दिवस चार वाजता ती स्टुलाला धरून उठली आणि म्हणाली, "बाई, उद्यापासून मला जमायचं नाय. उठताना पाठ धरती. घरचे म्हणतेत, दुखणं विकत घ्यायला जाती का तिकडं?" बावीस वर्षांची पोर, आणि उठली माझ्यासारखी. मला माझी ती बॉबिन आठवली. म्हटलं, "आठ दिवस थांब. आठ दिवसांत मी काही केलं नाही तर खुशाल जा."

पहिल्या दिवशी मी दर तासाला सगळ्यांना उभं करून हात वर-खाली करायला लावले. पोरी हसून लोळायच्या बाकी. एक म्हणाली, "बाई, शिट्टी आणू का? शाळेतली पी.टी. हाय जणू." तो बेत तिथंच बारगळला. मग मला सुचलं, की उठायचं कारण कामातच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कापायच्या टेबलाखाली विटा लावल्या, म्हणजे उभं राहूनच कापावं लागेल. इस्त्री खोलीच्या त्या टोकाला, धाग्याची रिळं या टोकाच्या खिडकीत. आणि वहीत आकृती काढायच्या तासाला स्टुलं भिंतीला लावून मी खडूनं जमिनीवर ब्लाउज काढलं, चांगलं दहा हात लांब. गळा दारापाशी, कंबर फळ्यापाशी. म्हटलं, चाला याच्या कडेनं. खांद्यावरून निघायचं, मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडायच्या जागेचं, वळण घ्यायचं आणि चालता चालता सांगायचं, छातीचा चौथा भाग किती, त्यात शिवणीला किती सोडायचं. चुकली की पुन्हा खांद्यापासून. "ओ, माझा गळा तुडवू नको की!" "तुझाच मोठा झालाय, बाजूला हो!" असा नुसता गलका. पाठीचा मुंढा आणि पुढचा मुंढा यांत फरक काय, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगून थकले होते. करमाडची पोरगी दोन्हींवरून चालली आणि थांबून म्हणाली, "बाई, पुढचा जास्ती आत वळतोय व्हय! आता पायाला कळलं." त्या दिवसापासून बाई, आमच्या वर्गात एकाच हाताच्या दोन बाह्या कुणी कापल्या नाहीत.

आठ दिवस झाले, ती थांबली. पण नवव्या दिवशी आमचे नवे प्राचार्य दारात उभे. खोलीत बघतात तर मशिनी रिकाम्या, पाच जणी ब्लाउजवरून फिरतायत, दोघी इस्त्रीपाशी, एक खिडकीत, बाकीच्या कापायच्या टेबलाभोवती उभ्या. "हा वर्ग आहे की बाजार?" म्हणाले. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे? तुमचं प्रशिक्षण कुठं झालंय?" माझं शिक्षण सातवी, पुढं सगळं हातानं शिकवलेलं. ते म्हणाले, "सोमवारपासून सगळ्या जागेवर दिसल्या पाहिजेत. नाहीतर या वर्गाला दुसरं कुणी बघावं लागेल." मागं करमाडच्या पोरीचं तोंड उतरलेलं मला दिसलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ही रीत माझी नाय. आमच्या हर्सूलच्या बाईंची. त्यांच्याकडं अख्खं हर्सूल असंच शिकलं."

ते थबकले. "हर्सूलच्या बाई? माझी आई शिकली आहे त्यांच्याकडं." म्हणाले, "बरं, मग चालू द्या," आणि गेले. बाई, खोटं बोलताना माणसानं आधी गाव तरी बघावं. हर्सूलात त्या वयाची एखादी तरी बाई तुमच्याकडं शिवण शिकली नाही, असं घर शोधून सापडायचं नाही, आणि मी हर्सूलचंच नाव घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट माझ्या टेबलापाशी. हळूच म्हणाले, "आईला विचारलं. ती म्हणाली, बाई तर कडी लावून बसवायच्या, मुंगी चावली तरी उठू द्यायच्या नाहीत." मी म्हटलं, "खोटं बोलले सर. रीत माझीच हाय. पण पोरी खोट्या नाहीत. तुम्ही म्हणाल त्या मापाचं ब्लाउज त्यांच्याकडून कापून घ्या आणि मग काय ते ठरवा." त्यांनी खरंच आईचं माप मागवलं. करमाडच्या पोरीनं ब्लाउज कापलं, शिवलं, प्रत्येक शिवणीला उठून इस्त्री केली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आईला बसलं अगदी. म्हणाली, बाईंनी बघायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "आईला आता जमिनीवरून हात दिल्याशिवाय उठता येत नाही. तुमचं चालू द्या. पण पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं सांगा." मी मान डोलावली. पोरगी परीक्षेला बसते आहे, आणि पुढच्या वर्षी शेजारचा वायरमनचा वर्गही फळ्यावरचं सर्किट अंगणात आखून चालणार आहे. त्यांचे मास्तर येऊन खडू मागून गेले.

तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही, म्हणून हे पत्र माझ्या मापांच्या वहीतच राहील. शेवटी भेटायला आले होते तेव्हा तुम्ही खुर्चीतच होता. पाय सुजून खांबासारखे झालेले, लुगड्याखाली लपवत होता. मला म्हणालात, "ये, बैस." मी बसले. तुम्हाला हात धरून अंगणात दोन पावलं चालवावं, हे मनात येऊनही बोलले नाही.

सरांना खरं सांगितलं. पोरींना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, हर्सूलच्या बाई खडू घेऊन पुढं चालायच्या आणि आठ जणी मुंढ्यावरून त्यांच्या मागं. "तुमच्या बाई लई भारी व्हत्या," म्हणतात. दर वेळी तोंड उघडते आणि मिटते. एवढ्या एका खोट्यात तुम्ही खुर्चीतून उठलेल्या आहात बाई, आणि तुम्हाला परत बसवायला माझं मन धजत नाही.