ओल्या टॉवेलचा मोर्चा

दोहा, २० जानेवारी २०२२

ती. नाना यांना मच्छिंद्रचा नमस्कार, वहिनींनाही सांगावा. गुडघ्याला नवे तेल लागू पडले का? (पडले नसले तरी वैद्यांना सांगू नका, ते आणखी एक बाटली देतात.) मी बरा आहे. जेवण वेळेवर होते. बसताना मात्र उशी घ्यावी लागते, त्याचे कारण पुढे येईल.

नयना गेल्यावर तिथे आता काय ठेवले आहे, घोटीला ये, पुढची खोली रिकामीच आहे, एकटा राहून मुका होशील, असे तुम्ही लिहिले होते. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात नोकरीच मला सोडायला निघाली होती. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की फ्लॅट. या फ्लॅटमध्ये नयना अकरा वर्षे राहिली. घोटीला ती भावाच्या घरी, माहेरपणालाच यायची. म्हणून मला यायचे नव्हते. एवढेच होते, पण फोनवर सांगता येईना.

माझे काम नेमके काय, हे तुम्ही दर वेळी विचारता (मीही तीन महिने विचारत होतो), म्हणून एकदा लिहून टाकतो. बांधकामावरची सेफ्टीची नोकरी संपली तेव्हा पोलिसांकडे कंत्राटावर जागा निघाली. मुलाखतीला कॅप्टन जाफर होते. इथे माणसाला आधी कबिला, म्हणजे जमात, विचारतात, आणि सांगणारा सांगताना ताठ बसतो. मी महादेव कोळी, सह्याद्रीच्या डोंगरातला, असे सांगितले. नाना, याच उत्तरासाठी तहसील कचेरीत दाखला काढताना मी सहा खेपा घातल्या होत्या. इथे कॅप्टनसाहेबांनी कॉफी मागवली. मग म्हणाले, एशियन टाउनजवळच्या कॅम्पात झारखंडचे उराँव कामगार आहेत, तेही कबिल्याचे, म्हणजे तुमचेच लोक. तुम्ही त्यांचे संपर्क अधिकारी. त्यांचा गुमला जिल्हा घोटीपासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर आहे आणि त्यांची भाषा मला ओ की ठो कळत नाही, हे मी सांगणार होतो. पण कॉफी फार चांगली होती.

काम असे की दर मंगळवारी संध्याकाळी कॅम्पाच्या जेवणघरात टेबल टाकून बसायचे, लोकांनी अडचणी सांगायच्या, मी त्या रजिस्टरात लिहून पोलिसांकडे न्यायच्या. माझ्या जाकिटाच्या पाठीवर ‘पोलीस’ लिहिलेले. मी बसलो की आजूबाजूची चार टेबले ताटे उचलून दूर जायची. तीन महिन्यांत रजिस्टरात एकच तक्रार आली, ती माझी (एसी टेबलावर गळतो). कॅप्टनसाहेबांनी रजिस्टर चाळले आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असेच राहिले तर खलास.

त्यातच फुटबॉल वर्ल्डकपची तालीम निघाली. चिडलेल्या प्रेक्षकांना कसे आवरायचे याचा पोलिसांना सराव हवा होता, आणि चिडलेले प्रेक्षक मी आणायचे होते. सात तारखेला, शुक्रवारी, चौऱ्याऐंशी माणसे बसने स्टेडियमच्या पार्किंगमध्ये आणली. त्यांना आधी बिरयानी दिली, ही पहिली चूक. एतवा नावाचा त्यांचा फोरमन तोंड पुसत म्हणाला, “गुस्सा किस बात का करें, साहब? आज तो छुट्टी है, बिरयानी भी मिला है।” ते दोन-दोनच्या रांगेत उभे राहिले. ढाली घेऊन पोलीस पुढे आले, तर यांनी बाजूला होऊन वाट करून दिली. एकाने पोलिसाला पाण्याची बाटली दिली. पोलिसांना अडवायला कोणी उरले नाही. कॅप्टनसाहेब ‘यल्ला, यल्ला’ (चला, चला) करून दमले आणि त्यांनी कर्णा माझ्या हातात दिला. तुम्ही करून दाखवा.

माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. घरात आमच्या दोघांचे बोलणे नयनाच बोलायची. मी कर्णा तोंडाशी धरून उभा राहिलो. आणि मग आपोआपच बाहेर आले: “परत ओला टॉवेल गादीवर! किती वेळा सांगायचं? डब्याला झाकण लावायला काय मुहूर्त लागतो? मी काय भिंतीशी बोलते का?” (‘बोलते’च म्हणालो.) पोलीस दोन पावले मागे सरकले. मागून एतवा ओरडला, “टॉवेल!” मग चौऱ्याऐंशी जण ओरडले. मुठी वर गेल्या, अडथळे आडवे झाले, आणि एका तरुण पोलिसाने खरेच घाबरून मला ढालीने ढकलले. मी माकडहाडावर बसलो. (उशीचे कारण ते.)

नंतर कॅप्टनसाहेबांनी विचारले, त्यांची मागणी काय होती? मला खोटे बोलता येत नाही. म्हणालो, टॉवेलबद्दल होते, ओला आहे म्हणून. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतले. मंगळवारी कॅम्पावर चौऱ्याऐंशी कोरे टॉवेल आले, आणि माझ्या टेबलासमोर रांग. एतवा पहिला. “साहब, आप तो पुलिस को ऐसा डाँटे! अब बस का भी बोल दीजिए, रोज चालीस मिनट लेट आता है।” चार पाने भरली. परवापासून बस वेळेवर येते. माझे कंत्राट वर्ल्डकप संपेपर्यंत वाढले.

फुकटचे श्रेय नको म्हणून मी एतवाला सांगितले की ते बोलणे माझे नव्हते, बायकोचे होते, आणि ती मार्चमध्ये गेली. तो थोडा वेळ टॉवेलाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “तो हम लोग भौजी का नारा लगाए।” (भौजी म्हणजे त्यांच्याकडे वहिनी.) आता कोणी टेबल सोडून जात नाही. माझ्यासमोर ताट ठेवूनच तक्रार सांगतात.

तेव्हा पुढची खोली तूर्त भाड्याने द्यायला हरकत नाही.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. वर्षश्राद्धाला पाच दिवसांची रजा मिळाली आहे. येतो.

आणखी एक. खरे तर यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. फेब्रुवारीत लुसैलच्या स्टेडियमला मोठी तालीम आहे, तीनशे माणसांची. कॅप्टनसाहेबांना घोषणा तशाच हव्या आहेत. पण नयनाचे मला आठवत होते ते सगळे त्या पाच मिनिटांत संपले. काल वही घेऊन बसलो, सातच वाक्ये निघाली, त्यातली चार टॉवेलाचीच. तुम्ही तर तिची बोलणी लहानपणापासून खाल्ली आहेत. आठवतील तेवढी लिहून पाठवा, वहिनींनाही विचारा. शब्द तिचेच असू द्यावेत, सौम्य करू नका.

टॉवेल आत्ताही गादीवरच आहे. पाकीट चिकटवले की उचलतो.