चार मिनिटं दहा सेकंद

३ मार्च, सकाळ
आमच्या टॉवेल कारखान्यातला लिनक्स सर्व्हर चालू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद घेतो. आधी डिस्क जोडणार, मग डिझाइनचा प्रोग्रॅम उठणार, मग माग. रेशनची रांगच. माझ्यासारखा माणूस इथे असताना! संकल्प: ही कामं सुरू करणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट एकदम सोडायच्या. चाळीस सेकंद. मालकीण विजयमाला मॅडमना तसा शब्द दिला. एप्रिलपासून माझी ‘ऑपरेटर’ पाटी जाऊन ‘सिस्टीम मॅनेजर’ लागेल का, तेही विचारलं. ‘बघू’ म्हणाल्या. म्हणजे हो.

४ मार्च
काम फत्ते. कुठल्याच स्क्रिप्टने कुणाची वाट बघायची नाही. चाचणीसाठी एक नमुना डिझाइन प्रोग्रॅमजवळच ठेवलं: ‘हिंदुराव माने, सिस्टीम मॅनेजर’. डिस्कवरचं डिझाइन सापडलं नाही तर प्रोग्रॅम तोच विणायला घेतो. सापडणार नाही कसं?

५ मार्च
तीन चाचण्या. पहिली अडतीस सेकंद! नंतर दोनदा प्रोग्रॅम डिस्कच्या आधीच उठला. लाईटचा दोष.
मागांची देखभाल करणारे जॉबर राजेसाबचाचा, त्यांना कौतुकाने दाखवलं. म्हणाले की मागावरपण आदी ताणा, उबं सूत; मग बाणा, आडवं सूत. दोनी एकदम सोडलं तर कापड न्हाय, गुंता व्हतो की. चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला कम्प्युटरमधलं काय कळणार.

६ मार्च
खबरदारी म्हणून प्रोग्रॅमला दोन मिनिटं थांबायला लावलं, मागांना चार. एकूण पाच मिनिटं झाली. पण पॅरलल!
संध्याकाळी सगळे थांबे काढले. हे भित्र्यांचं काम नाही.

७ मार्च, ९.४०
हैदराबादचे हॉटेलवाले आले. नमुन्याच्या साठ टॉवेलांवर त्यांचा मोर विणायचा. आवडले तर वर्षभराची ऑर्डर. सर्वांसमक्ष मशीन चालू केलं. अडतीस सेकंद!! टाळ्या. मीच सगळ्यांना चहाला नेलं.

७ मार्च, दुपार
मोर नाही. साठही टॉवेलांवर मी.
चाचा म्हणतात की पयल्याच टॉवेलला निरोप धाडला हुता. खरं आहे. सिस्टीममध्ये लुडबुड नको, असं मीच कळवलं होतं. हॉटेलवाल्यांनी विचारलं, हे माने कोण? ऑर्डर न देताच गेले. मॅडमनी एक टॉवेल घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. ते फार लागलं.

१० मार्च
जुनी स्क्रिप्ट परत. मशीन चालू करायचं काम आता झाडलोटवाल्या ईरम्मांकडे. बटण दाबतात आणि लादी पुसायला घेतात. मशीन उठेपर्यंत खोली पुसून होते. लई बेस टाइम हाय म्हणतात. पुसायला माझे साठ टॉवेल आहेत. रंग पक्का, नाव स्पष्ट वाचता येतं.
माझ्या खुर्चीपाशी आल्या तेव्हा म्हणाल्या की सायेब, पाय वर घ्या.
साहेब म्हणाल्या. नोंद असावी.