आभारपंथात गाऱ्हाणं नाही

१२ जानेवारी
प्रकाशकांचा पुण्याहून फोन. कादंबरी चार ठिकाणांहून परत आल्यावर हा पहिला होकार. बुडालेली किनारपट्टी आवडली, पाण्यावर मालकी सांगणारी 'संस्था' आवडली, तिची पहारा देणारी यंत्रं तर फारच. "फक्त तो धर्म तेवढा काढा. आणि मॅडम, तुमचं नाव बघता..." वाक्य पुरं केलं नाही. नाव शाहीन. जन्मापासून तेच आहे.

१३ जाने.
राग उतरलेला नाही. म्हणे भावना दुखावतील. कोणाच्या? या धर्माला देव नाही, ग्रंथ नाही, पाळणारा एक माणूस नाही. भाट्याच्या पुलावर बस बंद पडली तेव्हा मीच बसल्या बसल्या रचला. नियम एकच: मागायचं नाही. पेलाभर पाणी मिळालं, संस्थेचे आभार. नाही मिळालं, तरी आभार. तक्रार म्हणजे पाप.

१७ जाने.
बघू तरी म्हणून धर्म काढून पाहिला. पंचाईत! तिसऱ्या प्रकरणात पाणी बंद होतं, चौथ्यात माणसं टाकीवर चालून जातात, कादंबरी खलास. यंत्राच्या धाकानं माणूस थोडे दिवस गप्प बसेल. पिढ्यान्‌पिढ्या बसवायचा तर गप्प बसण्यात त्याला पुण्य वाटलं पाहिजे. तसं कळवलं. उत्तर: "मग पाण्यातून एखादं औषध दिलेलं दाखवा ना." औषध! म्हणजे माणसं आपणहून मान खाली घालतात, हे लिहायचंच नाही.

२० जाने.
अब्बांना मोतीबिंदू, म्हणून कादंबरी मी वाचून दाखवते. मिरकरवाड्यात ट्रॉलरवर तांडेल होते, सगळ्यांवर हुकूम. आता खाटेवरून. लाईट गेली, "आभार!" बांगड्याच्या सारात मीठ कमी, "आभार!" हसून हसून पोट दुखलं. धर्म काढू का, विचारलं.
"त्यानं सांगितलान नि तू काढनार? मग लिवलंस कशाला?"

२४ जाने.
शाळेतल्या सुलभाबरोबर तिच्या गावी. देवळात गावकरानं सगळ्या गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घातलं: रस्ता, आंब्याचा मोहोर, मुंबईतल्या पोरांच्या नोकऱ्या. वर "गेल्या वर्षीचा पन ऱ्हायलाय" अशी देवाला आठवण. दर वाक्याला सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" आमच्या दुआतही हात पसरून मागणंच. दोन्हीकडची माणसं वरच्याशी हक्कानं बोलतात. येताना नाक्यावर बॅनर: टँकर दिल्याबद्दल जाहीर आभार. शेजारचा नळ कोरडा. आणि म्हणे माझा धर्म काल्पनिक.

२८ जाने.
नवं प्रकरण, एका बैठकीत. आभाराच्या रांगेत एक बाई पेला खाली ठेवते नि गाऱ्हाणं घालते. संस्थेच्या तोंडावर. प्रकाशकांना मेल: धर्म राहील, आता तर जास्तच. नावही राहील. असंच छापायचं, नाहीतर परत करा.

३ फेब्रु.
उत्तर नाही. धास्ती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मेल मागे घेणार नाही.
संध्याकाळी अब्बांना ते प्रकरण वाचून दाखवलं. बाईचं गाऱ्हाणं संपतं, रांग गप्प. तिथंच अडलेय.
"मग? कोनी काय सांगितलान?"
"अजून कोणीच नाही. सुचत नाहीये."
अब्बांनी चादर बाजूला सारली. मग खाटेवर उठून बसले आणि बोटीवर हाक मारायचे त्या आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!"
शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.
फोन वाजतोय. पुण्याचा नंबर. वाजू दे. आधी हे उतरवून घेते.