मथळ्यांना गुण देणारं यंत्र

४ फेब्रुवारी
चाललं! बातम्यांच्या मथळ्यांचे दोन ढीग मी हातानं लावले: एक साध्यांचा, एक गळ टाकणाऱ्यांचा. कुठल्या ढिगात कुठला शब्द किती वेळा येतो एवढंच यंत्र मोजतं आणि नव्या मथळ्याला शंभरापैकी गुण देतं. गुण जेवढे जास्त, तेवढा मथळा फसवा. गंमत म्हणजे 'धक्कादायक'पेक्षा 'या' आणि 'हिने' भाव खाऊन जातात. नाव लपवलं की गळ! आमच्या बातम्यांच्या साइटवरचा कचरा निघाला, तर मी कुठे काम करतो ते चारचौघांत सांगता तरी येईल.

५ फेब्रुवारी
संपादक खूश. जरा जास्तच. "म्हणजे कुठला मथळा चालेल ते आधीच कळणार?" मी म्हटलं, साहेब, असले मथळे काढून टाकायला केलंय हे. "तेच रे. फक्त उलटं वापरायचं!"
मी हसण्यावारी नेलं. तिथेच अडून बसायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी
डेस्कवर नवा खेळ. मथळा लिहायचा, यंत्राला दाखवायचा, गुण कमी पडले की नाव उडवायचं, पुन्हा दाखवायचा. नव्वदच्या वर गेला की टाळ्या! मीही वाजवल्या.

२० फेब्रुवारी
दादाचा फोन. "तुमच्याकडची ती नर्सची बातमी पाहिलीस? अरे, ती तुझी वहिनी आहे."
वहिनी लहान मुलांच्या वॉर्डात असतात. बदलीची नर्स आली नाही म्हणून सलग दुसरी पाळी केली, खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. कुणीतरी फोटो काढला. आमचा मथळा — 'बाळं रडत होती, आणि या नर्सने जे केलं...' काय केलं? डुलकी लागली बिचारीला!
संपादकांकडे धावलो. "काढतो रे. पण आपण नाव कुठे छापलंय?" नाहीच छापलं. नावानं गुण उतरतात ना. हे त्यांना कुणी शिकवलं? मी.

२१ फेब्रुवारी
चौकशी होईपर्यंत वहिनींना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. दादा म्हणतो, धड जेवत नाही, दार लावून बसते. मी दहावीला गणितात आपटलो तेव्हा वहिनींनीच शेजारी बसवून सगळं पुन्हा करून घेतलं होतं. आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ? फार वाईट वाटतंय. ती बातमी त्यांना दाखवली तरी कोणी? निदान त्यांच्या नजरेला पडली नसती!

२३ फेब्रुवारी
शेवटी गेलो. वहिनींनीच दार उघडलं. माझी माफी पुरती ऐकूनही घेतली नाही.
"मला कुणी नाही दाखवली, भाऊजी. घरी येताना बसमध्ये मीच उघडली. कोण ही बया, म्हणून इतका संताप आला होता! खाली बघते तर माझाच फोटो."