कलाते-अनाब : तीन घरं, आठ माणसं

४ मेहर
जनगणना पुढच्या महिन्यात, आबानमध्ये. कचेरीतल्या माणसानं फोनवर स्वच्छ सांगितलं — तीनपेक्षा कमी घरं भरली तर गाव ओसाड लिहितात, मग पाण्याचा टँकर बंद. आमची घरं बरोब्बर तीन. दीर सफदर, त्याची बायको आणि दोन मुली. शेजारचा लुत्फअली आणि त्याची बायको कनीज. मी आणि सासरे. झाली आठ माणसं.
वर विचारतो, गाव आहे तरी कुठे? नकाशात म्हणे डोंगराच्या पलीकडे दिसतं. पस्तीस वर्षं मी अलीकडेच राहतेय.

११ मेहर
सफदर चहाला आला. मशहदला एका इमारतीवर रखवालदाराची जागा मिळतेय. पण जनगणना होईपर्यंत हलणार नाही म्हणाला. सख्ख्या बापासमोर बसून म्हणाला. बाबा दातात साखरेचा खडा धरून चहा पीत राहिले, हो नाही की नाही नाही.

१९ मेहर
गेला! गालिचे, फ्रीज, कोंबड्यासुद्धा गाडीत. मुलींना शाळा नको का, म्हणाला. इथली शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा नाही आठवली ती. मी बोलायचं नाही ते बोलले — बापाला टाकून जातोयस. त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “वहिनी, कागदावर तेवढं आम्हाला इथंच धरा.”
कागदावर! म्हणजे लाज आहे, पण कागदापुरती.

२० मेहर
जाताना कुलूपही लावलं नाही त्यानं. चोरी करायला तरी इथं कोण येणार?

२ आबान
केशर फुललं. कनीज आणि मी उजाडल्यापासून फुलं खुडतोय. तिची बोटं वळत नाहीत, माझी कंबर.
बिरजंदहून फरामर्जचा फोन. पोरगा दर वेळी तेच विचारतो — आई, कधी येतेस? मी दर वेळी तेच सांगते. त्याचे वडील गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हाच गेले असते. पण आजोबा इथली माती सोडायचे नाहीत, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला टाकून जायला मी काही सफदर नाही. हे ऐकून त्यानं विषय बदलला. मग म्हणाला, थंडी वाढलीय, जप.

९ आबान
गणनेवाली मुलगी आली. नकाशा पाहून आधी डोंगरापलीकडे गेली, तिथून दोन तास चालत. बूट धुळीनं पांढरे.
मी सकाळीच सफदरच्या चुलीत लाकडं पेटवली होती, त्याच्या दोरीवर आमचेच कपडे वाळत घातले होते. चौघं शेळ्या घेऊन वर गेलीत, असं सांगितलं. आयुष्यात इतकं सरळ तोंडानं खोटं बोलले नव्हते. तिनं दोरीकडे पाहिलं. चौघांच्या म्हणून टाकलेल्या कपड्यांत एकही लहान झगा नव्हता. तरी तिनं लिहून घेतलं. भली पोर.
मग माझं ओळखपत्र मागितलं. बराच वेळ हातातल्या यंत्राकडे बघत राहिली.
“मावशी, तुमची आणि बाबांची नोंद आधीच झालीय. बिरजंदला, फरामर्जच्या घरात. इंटरनेटवरून भरलंय.”
मी म्हटलं, खोडून टाक. तिला ते करता येत नाही. मी पुष्कळ विनवलं. ती चहा न घेताच उठली.
जे घर रिकामं ते भरलं, आणि ज्यात चूल पेटते ते रिकामं. कलाते-अनाब : दोन घरं, सहा माणसं.
कनीजला अजून सांगितलं नाही. तिला वाटतंय टँकर येणार.

१० आबान
फरामर्जला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. जिवंतपणी आईला गावातून पुसलंस म्हटलं. काका परवडला, तो निदान तोंडावर सांगून गेला म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, “हे माझ्या मनानं नाही केलं, आई. आजोबांना विचार.”
विचारलं नाही. दिवसभर फुलं निवडत बसले.

११ आबान
विचारलं.
बाबा म्हणाले, “मीच सांगितलं त्याला. तू इथून हलेनास म्हणून नऊ वर्षं थांबलो, पोरी. आता माझ्यानं होत नाही.”