हंसांच्या गावी

बाबा, तुम्ही गेल्यावर मी तीनदा मंगोलियाला जाऊन आले आणि तिन्ही वेळा तुमच्यावर चिडून परत आले. हे आधीच सांगून टाकते. इतक्या वर्षांनी लिहायला बसले आणि हिचा पहिलाच सूर असा का, असं तुम्हाला वाटायला नको.

तुम्ही पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. हिवाळ्यातल्या रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून पैठणच्या धरणाच्या फुगवट्यावर न्यायचात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस तिथे हरभऱ्याच्या रानाकडेला चरत असायचे. एकदा मी टाळ्या वाजवून सगळा थवा उडवून दिला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "एवढ्या लांबून आलेल्याला कुणी ताटावरून उठवतं का गं?" मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. पुढे एका हंसाच्या गळ्यात आकडे लिहिलेलं प्लास्टिकचं कडं दिसलं. पाहणीला आलेल्या एका संशोधकाने सांगितलं, हे मंगोलियात घातलेलं आहे, हिमालय ओलांडून येतात हे. त्या दिवसापासून आपल्या घरात मंगोलिया सुरू झाला. तिथलं तळं कसं असेल, पिल्लं कशी असतील. रिटायर झालो की जाऊ. ताईचं लग्न झालं की जाऊ.

आणि मग ती स्वयंपाकघरातली दुपार. मी सिंगापूरहून सुट्टीवर आलेय, आई भाकरी थापतेय, मी ओट्याला टेकून म्हणतेय, "बाबा, या जूनमध्ये जाऊ. मी तिकिटं काढते." तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणता, "आधी तुझ्या घराचं बघ. हंस कुठे पळून जातायत?" हंस नाहीत गेले, बाबा. त्या हिवाळ्यात ते आले तेव्हा तुम्ही नव्हता. छातीत दुखतंय, हेसुद्धा तुम्ही सोमवारवर ढकललं होतं.

इथे सिंगापुरात मी नोव्हेनातल्या एका लॅबमध्ये काम करते, हौगांगला फ्लॅट आहे. घराचं बघून झालं. मग मी एकटीच निघाले, गाइड आणि जीपवाल्या टूरबरोबर. पहिल्यांदा वसंतात, दक्षिणेकडच्या वाळवंटात. दुसऱ्याच दिवशी रस्त्यालगतच्या डबक्यात मला ते काळे पट्टे दिसले. मी ओरडले, थांबवा. गाइड म्हणाली, "हा तर नेहमीचाच पक्षी, पुढे खूप दिसतील." मागे बसलेल्या जोडप्याला एक दुर्मीळ कुरव पक्षी पाहायचा होता, त्यांच्या मांडीवर हातभर लांबीच्या लेन्स. जीप थांबली नाही. नंतर वाळूचं वादळ उठलं आणि उरलेले दिवस आम्ही तंबूत डोळे चोळत काढले. दुसऱ्यांदा शरदात पश्चिमेच्या डोंगरांत गेले. तळी निळीशार आणि रिकामी. हंस निघून गेले होते. कुठे, ते मला गाइडने नकाशावर बोट ठेवून समजावलं. मला! विमानात मी तुमच्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की एअर होस्टेसने पाणी आणून दिलं.

या जूनमध्ये लेकीला घेऊन गेले. चौदा वर्षांची आहे, मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. गाइड तीच. या वेळी मी निघण्याआधीच तिला बजावलं होतं, हंस दिसले की गाडी थांबली पाहिजे. थांबली. पाणथळीच्या काठावर ते होते, पिवळट पिल्लांचा घोळका मध्ये घेऊन. बाबा, तुम्ही कल्पना केली होती तसं शांत काहीच नव्हतं तिथे. नुसता कलकलाट, चिखल, शिटांचा वास. एक नर मान लांब करून फिस्कारत थेट आमच्या अंगावर आला. आपल्याकडे दबकून चरणारे हे पाहुणे इथे मालकाच्या तोऱ्यात होते. मला हसू फुटलं, आणि हे तुम्हाला सांगायला वळले तर शेजारी लेक. ती तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "मम्मा, दिस वन नॉट इव्हन रेअर, लाह." मी तिच्यावर इतकी जोरात ओरडले की सगळा थवा पाण्यात उतरला. चूक तिची नव्हती. तिथे जो उभा असायला हवा होता, तो नव्हता.

लेक जीपमध्ये जाऊन बसली. थोड्या वेळाने परत आली, माझ्या हातातली दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजोबांनी बेबीज कधीच पाहिले नाहीत?" मी मान हलवली. तिने दुर्बीण परत दिली नाही. गाइड मागून आली. तिने मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, हे हंस तुला एवढे का हवे होते? मी म्हटलं, माझ्या वडिलांना आवडतात. "मग त्यांना का नाही आणलं?"

मी म्हटलं, "त्यांना वेळ नव्हता. पुढच्या वर्षी येतील."

लेकीने ते ऐकलं आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. गाइडने ते खरं मानलं. आज सकाळी तिचा मेसेज आलाय, वडिलांना जीपमध्ये पुढची सीट ठेवू का, वयस्कर माणसाला मागे धक्के बसतात. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. तिचा नंबर आहे, पण तिला खरं काय ते कळवणं अजून जमलेलं नाही.