कुलपाचा दसरा

२२ सप्टेंबर, घटस्थापना
दाराला स्मार्ट लॉक बसवलं. बोट ठेवलं की दार उघडतं, फोनवरूनही उघडतं, ओढून घेतलं की आपोआप लागतं. ॲडमिन मी. सरोजचं फक्त बोट घेतलंय. बायकोला ॲप दिलं की शिस्त राहत नाही. पिन नंबरची सोय बंद केली, चोर मागून बघतात. इमर्जन्सीच्या दोन किल्ल्या येतात म्हणे, बॉक्समध्ये एकच दिसली. कंपनीला कडक मेल टाकला.

२३ सप्टेंबर
आमची बिल्डिंग समोरच्या दारातल्या ठमाबाईंच्या एकेकाळच्या शेतावर उभी आहे. डोंबिवलीत आलो तेव्हापासून आमची किल्ली त्यांच्या कमरेला. पिशवीतलं दूध आत ठेवणं, उघडा राहिलेला नळ बंद करणं, सगळं त्याच करायच्या. आज जाऊन किल्ली परत मागितली. जुनं कुलूप भंगारात गेलंय, पण सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटी. म्हणाल्या, घे बाबा, मना काय करायची तुजी किल्ली. दार जरा जोरातच लावलं.

२४ सप्टेंबर
सरोज बोलत नाही. सकाळी एकच वाक्य: माझ्या बाळंतपणात तुमच्या आधी त्या धावल्या होत्या. मुद्दा भावनिक आहे, टेक्निकल नाही.

२७ सप्टेंबर
ठमाबाई जिन्यात भेटल्या. मी हसलो. त्यांनी भिंत बघितली. त्यांच्याकडून रोज वाटीभर काहीतरी यायचं, तेही बंद. ऑफिसात सारखं ॲप उघडून दार बंद आहे ना, बघतो. बंदच असतं. तरी लक्ष लागत नाही कामात. कंपनी म्हणते, दोन्ही किल्ल्या पाठवल्या. खोटारडे. आणखी कडक मेल.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ
कुलपाची साग्रसंगीत पूजा. हळदकुंकू कालवून बोट ठेवायच्या काचेवर मधोमध लावलं. झेंडू, अक्षता. किल्ली, लॅपटॉप, दोघांचे फोन देवापुढे. आज यंत्रांना सुट्टी! आता नौपाड्याला ताईकडे सोनं द्यायला निघतोय. सरोज म्हणाली, आधी ठमाबाईंना देऊ. म्हटलं, आल्यावर. खरं म्हणजे त्यांनी तोंडावर दार लावलं तर काय, याची भीती वाटली.

३ ऑक्टोबर
काल परत आलो तर कुंकू काचेवर वाळून घट्ट. माझं बोट लावलं, लाल दिवा. सरोजचं लावलं, लाल दिवा. रुमालाने पुसलं तर फटीत गेलं. फोन आत, किल्ली आत. सरोजने माझ्याकडे न बघता ठमाबाईंची बेल वाजवली. मी घाईघाईने आपट्याची पानं पुढे केली. घेतली नाहीत. म्हणाल्या, किल्ली तर तू नेलीस ना रं? मग कमरेचा जुडगा काढला. त्यात एक चकचकीत नवी किल्ली. बॉक्समधली दुसरी. सरोजने पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती.
दार उघडलं. पानं माझ्याच हातात राहिली. वाईट वाटलं, फार.

४ ऑक्टोबर
कंपनीला मेल: किल्ली सापडली, तक्रार मागे घेतो. किल्ली शेजारी असणं याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात. मुळात माझ्या डोक्यात हेच होतं.
सोनं घेऊन पुन्हा ठमाबाईंकडे गेलो. आज घेतलं. चहाही दिला. धीर करून विचारलं, किल्ली ठेवाल ना? म्हणाल्या, ती सरोजची हाय, तिला इचार.
सरोजला अजून विचारलेलं नाही. ॲडमिन मीच आहे.